न सांगायचं औषध

नत्थूजींना सकाळपासून सगळं पिवळं दिसत होतं. भिंती पिवळ्या, छताच्या बल्ल्या पिवळ्या, धाकट्या सुनेनं आणून ठेवलेलं दूधसुद्धा पिवळं. दारातून येणाऱ्या उन्हाकडे पाहून ते बराच वेळ डोळे मिचकावत राहिले.

“काऊन वो, घरात लगीन हाय काय कोनाचं?” ते म्हणाले. “सारेच हळद लावून फिरून राह्यले.”

अन्नपूर्णा हसली आणि लगेच उठून मागच्या पडवीत जाऊन रडली. कारंज्याला दिलेली ही लेक बापाचं दुखणं वाढल्याचं कळताच मुलंबाळं जावेच्या हवाली करून आली होती. बाप केव्हा थट्टा करतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. टोळधाडीत शेत गेलं तेव्हा त्यानं अशीच थट्टा केली होती, आणि कडब्याच्या गंजीवरून पडून पाय मोडला तेव्हाही. जीव घाबरल्याशिवाय नत्थूजींना विनोद सुचत नसे.

थोरला रूपराव शेतातून तसाच मातीच्या पायांनी आत आला. “कावीळ हाय ही,” तो म्हणाला. “मी कारंज्याहून माळ घेऊन येतो.” काविळीची माळ गळ्यात घातली की ती दिवसागणिक लांबत जाते आणि तिच्याबरोबर कावीळ उतरते, हे त्या भागात शेंबडं पोरही सांगेल. रुख्माबाईंनी नवऱ्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. डोळा पांढराफटक होता.

“कावीळ नाई,” त्या म्हणाल्या.

“मंग काय हाय?”

त्या उठून चुलीकडे गेल्या. कालपासून नत्थूजींच्या पोटात पेजसुद्धा ठरत नव्हती. वर्ध्याहून आलेला धाकटा वासुदेव पहाटेच बैलांची रेंगी जुंपून सडकेवर गेला होता, आर्वीच्या डॉक्टरांना आणायला.

या घरात दुखण्याला कधी एक औषध पुरलं नाही. थोरल्याचा भरवसा माळेवर आणि दोऱ्यावर. अन्नपूर्णेचा अंगाऱ्यावर. वासुदेव वर्ध्याला हायस्कुलात मास्तर, बाहेर लोक त्याला वासुदेवराव म्हणत, आणि त्याचा सगळा विश्वास बाटलीवर. वाईट याचं वाटतं, की औषधं चार असली तरी चालली असती. पण धाकटा थोरल्याच्या माळेला हसे, थोरला धाकट्याच्या बाटलीवर नाक मुरडी, म्हणून जो तो आपलं औषध पदराखाली झाकून ठेवी. देवघरात नैवेद्य ठेवावा तशी गुपचूप औषधं चालत.

दसऱ्याच्या सुमारास नत्थूजींचे पाय सुजू लागले होते. बोट दाबलं की खड्डा पडून राही. चार पावलं चालले की धाप लागे, आडवं झालं की जीव गुदमरे. वासुदेवानं त्यांना आर्वीला नेलं. डॉक्टर म्हणाले, छाती थकली आहे, आणि थेंबांची बाटली दिली. ते थेंब काचेच्या नळीनं मोजून पाण्यात द्यायचे होते. घरात वाचता येणारी बाई एकच, वासुदेवाची बायको सुलोचना. म्हणून तिला गावी ठेवून वासुदेव वर्ध्याला परतला. संक्रांतीपर्यंत सूज बरीच उतरली. नत्थूजी ओसरीवर येऊन बसू लागले, आणि जो तो मनातल्या मनात आपल्या औषधाला हात जोडू लागला.

रुख्माबाईंनीही जोडले होते.

*

रुख्माबाई चुलीपुढं बसल्या होत्या आणि डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं खाजवत होत्या. बोटं लाल झाली होती. परवाच सुलोचनेनं विचारलं होतं, “आत्याबाई, हाताला काय झालं?” आणि त्यांनी सांगून टाकलं होतं, “सुरन चिरलं.” सुलोचनेनं त्यांच्याकडे पाहिलं. घरात त्या आठवड्यात सुरण शिजलं नव्हतं.

पुनाजी नत्थूजींचा लहानपणचा सोबती. जंगलाकडच्या गोंडांच्या वस्तीतला. दोघांनी एका माळावर गुरं चारली, एका डोहात पोहले. पुढं एक शेताचा धनी झाला आणि दुसरा जंगलखात्याच्या कामावर गेला, तरी पुनाजी मोहाची फुलं, चारोळी, मध असं काहीबाही घेऊन येतच राहिला. त्यानं सुजलेले पाय पाहिले त्या दिवशी ओसरीवर तो एक शब्द बोलला नाही. मागच्या दारानं गोठ्यात गेला आणि रुख्माबाईंना हाक मारली. फडक्यात बांधलेलं औषध त्यांच्या हातात दिलं, कसं उगाळायचं, मधात किती चाटवायचं ते सांगितलं, आणि मग म्हणाला:

“बाई, हे माह्या बानं देल्लेलं हाय. नाव तोंडातून गेलं का गुन गेला. तुह्याच हातानं देजो. कोनी इचारलं तं नाई म्हनजो. अर्ध्यात सोडजो नोको, सोडलं तं उलटते.”

त्यानं विचारलं नाही की दुसरं काही चालू आहे का. रुख्माबाईंनी सांगितलं नाही. आपण काही त्याची शपथ घेतलेली नाही, तेव्हा आपल्याला सांगायला हरकत नाही: तो रानकांदा होता. जंगलात उगवतो, हाताला लागला की खाज आणतो.

वासुदेवानं हे ऐकलं असतं तर तो हसला असता. रुख्माबाई हसू शकत नव्हत्या, कारण त्यांना तुळसा आठवत होती.

तुळसा त्यांची पहिली लेक. रूपरावाच्याही आधीची. रांगता रांगता वाळत गेली, हाता-पायाच्या काड्या झाल्या. पुनाजीच्या बापानं, जंगूनं, एक मुळी दिली होती आणि हीच अट घातली होती. पोर मुळीनं सावरू लागलं. मूठ वळून माशी धरायला बघायचं. आणि एके दिवशी रुख्माबाईंची सासू, शकुबाई, विहिरीवर आनंदाच्या भरात बायकांना सांगून बसली, की आमच्या नातीला अमुक मुळीचा गुण आला. पुढच्या बाजाराच्या आत तुळसा गेली.

त्यावर रुख्माबाई सासूला एक अक्षर बोलल्या नाहीत. तेच वाईट झालं. जेवायला वाढलं, पाय चेपले, म्हातारपणी अंथरुणातलं सगळं केलं, पण तिच्या हातून पुन्हा कधी डोक्याला तेल लावून घेतलं नाही. मरताना शकुबाईनं त्यांचा हात धरला होता. “रुख्मा, माह्यावरचा राग गेला काय वं?” असं विचारलं होतं. रुख्माबाईंनी वाटी तिच्या ओठाला लावली आणि म्हटलं होतं, “घोटभर पानी घ्या, आत्याबाई.” शकुबाईनं पाणी घेतलं. पुन्हा विचारलं नाही.

*

डॉक्टर दुपारी आले. सडकेपर्यंत त्यांची मोटार आणि तिथून रेंगी, कारण शेतांमधल्या त्या पांदणीत मोटारीचं चाक रुततं. माणूस चांगला होता, हाताला गुण होता. पण बैलांच्या मागं बसून हाडं खिळखिळी झालेला माणूस दारात येतो तेव्हा त्याचा आवाज आधीच चढलेला असतो.

त्यांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. मग छातीला नळी लावली.

“पिवळं कधीपासून दिसतं?”

“सकाळपासून,” नत्थूजी म्हणाले. “तुमीबी पिवळेच दिसून राह्यले, डॉक्टरसाहेब.”

डॉक्टर हसले नाहीत. “थेंब कोण देतं?”

“मी,” सुलोचना म्हणाली.

“मोजून देता ना?”

“हो.”

“प्रमाण जास्त झालेलं आहे, बाई. या औषधाचं असंच असतं. जरा वर गेलं की उलट्या, पिवळं दिसणं, नाडी मंद.” ते वासुदेवाकडे वळले. “थेंब आजपासून बंद. आता अंगातला अंमल उतरला तर ठीक आहे.”

“मी कधीच जास्त दिलं नाही,” सुलोचना म्हणाली.

“होते चूक,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते समजुतीच्या सुरात म्हटलं, पण तेवढ्यानं खोलीतल्या सगळ्यांचे डोळे सुलोचनेवर आले.

मग डॉक्टरांनी आवाज मोठा केला. “आणखी कोणाचं काही चालू आहे का? कोणा भगताची मुळी, झाडपाला? दोन औषधांचा झगडा होतो कधी कधी. खरं सांगा, मी रागावणार नाही.”

हे ते रागावूनच म्हणाले.

रूपरावानं मान हलवली. त्याची माळ अजून कारंज्यालाच होती. अन्नपूर्णेनं अंगाऱ्याची पुडी कमरेला खोचलेली होती, पण अंगारा कपाळाला लावायचा असतो, तो कुठं औषध. तिनंही मान हलवली. वासुदेवानं आईकडे पाहिलं.

“नाई,” रुख्माबाई म्हणाल्या. “दुसरं काईच नाई.”

बोटं त्यांनी पदराखाली घेतली होती.

*

रेंगी पांदणीतून हळूहळू चालली होती. बैल हाकता हाकता वासुदेवाचं लक्ष मागं होतं. डॉक्टर पेटी मांडीवर धरून बसले होते.

“वाईट वाटून घेऊ नका, मास्तर,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्या मंडळींनी मुद्दाम थोडंच केलं. पण एक राहून राहून मनात येतं. तुमच्याकडे जंगल जवळ. रानकांदा कोणी दिला नाही ना?”

“रानकांदा कशाला देतील?”

“सुजेवर देतात. आणि गुणही येतो, म्हणून तर भीती. माझ्या थेंबांत आणि त्यात एकच गुण आहे. झगडा नाही, उलट दोघं मिळून एकच काम करतात. छातीला आवरून धरतात. दोन्ही पोटात गेले तर इतकं आवरतात की छाती थांबते.”

“आईनं तुमच्यासमोरच सांगितलं ना, काही नाही म्हणून,” वासुदेव म्हणाला. “ती खोटं बोलत नाही.”

“मग ठीक,” डॉक्टर म्हणाले.

वासुदेवाला खरोखरच शंका आली नाही. आईला तो लहानपणापासून ओळखत होता, आणि एवढं ओळखलं की माणूस पुन्हा विचारायचं सोडून देतो. परतीच्या वाटेवर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की सुलोचनेला बापाजवळ ठेवायची कल्पना आपली होती. घरी गेल्यावर त्यानं डॉक्टरांचं बोलणं कोणालाच सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्याला त्यात काही वाटलं नाही.

*

सुलोचना नत्थूजींच्या खाटेशी बसून ओला रुमाल त्यांच्या कपाळावर ठेवत होती. मागच्या पडवीतलं बोलणं सगळं ऐकू येत होतं. ते तिनं ऐकावं म्हणूनच चाललं होतं.

“वाचता येते म्हनून ठेवली ना तिले,” अन्नपूर्णा म्हणत होती. “माह्यासारखी अडानी बरी. म्या चमच्यानं देल्लं असतं.”

“हळू बोल,” रूपराव म्हणाला.

“काऊन हळू बोलू? बाप कोनाचा हाय?”

“वासुदेव आला म्हंजे पाहू.”

रूपराव एरवी सुलोचनेची बाजू घेत असे. तिनं त्याच्या मुलीला वाचायला शिकवलं होतं. आज तो एवढंच बोलला.

वासुदेव आला. त्यानं चपला काढल्या आणि दारातच विचारलं, “खरं सांग. कधी घाईत वगैरे?”

“तुम्हालाही वाटतं?”

“मी विचारतो आहे.”

सुलोचनेला त्या क्षणापर्यंत खात्री होती. पण सगळं घर एक गोष्ट म्हणू लागलं की माणसाचा आपल्याच हातावरचा विश्वास उडतो. तिला एक संध्याकाळ आठवली. कंदिलाची काच काळी झाली होती, नळीत बुडबुडा आला होता, तिनं थेंब ओतून टाकून पुन्हा मोजले होते. ओतले होते ना? की त्यातच मोजले? तिनं रुमाल पुन्हा पाण्यात बुडवला.

“सुलोचनाची चूक नाई,” नत्थूजी खाटेवरून म्हणाले. आवाज बारीक होता. “ते थेंबाचं नाई. तुही माय मले…”

रुख्माबाई खाटेच्या पलीकडे होत्या. त्यांनी पदरानं नवऱ्याचं तोंड पुसलं. “बोलू नोका. धाप लागते.” पुसायला लागावा त्याहून जास्त वेळ त्यांनी पदर तिथं धरला. सुलोचनेनं ते पाहिलं. सासूची लाल बोटंही पाहिली. पण तिच्या डोक्यात त्या वेळी फक्त कंदील होता.

*

दिवेलागणीला सगळे ओसरीवर होते. आत खाटेशी दोघंच उरली. रुख्माबाईंनी मधाची वाटी आणली.

नत्थूजींनी वाटीकडे पाहिलं. “सांगून टाक,” ते म्हणाले. “पोरीवर आळ येऊन राह्यला.”

“तुमी उठून बसा, मंग सांगतो. साऱ्या गावाले सांगतो.”

“अन नाई उठलो तं?”

“तुळसाच्या येळी काय झालं ते इसरले काय?”

नत्थूजी छताकडे पाहू लागले. तिचं नाव त्या दोघांत कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. नाव निघालं की दोघांपैकी एक उठून बाहेर जाई. आज उठण्याची ताकद एकाला नव्हती आणि दुसरी उठली नाही.

“तुळसा लई आजारी होती वं,” ते म्हणाले. “मायनं काई केलं नाई तिले.”

“नाव सांगतलं त्याईनं.”

“सांगतलं.” त्यांनी डोळे मिटले. “मले तं आता तूबी पिवळी दिसतं. लग्नात दिसली होती तशी.”

रुख्माबाई वाटीतला मध बोटानं ढवळू लागल्या. त्यांनी दुपारभर विचार करून ठेवला होता. डॉक्टरच म्हणाले होते, दोन औषधांचा झगडा होतो. मग त्यातलं एक तर गेलं. बाटली बंद झाली. आता झगडायला कोण उरलं? आता पुनाजीचंच एकटं राहिलं, त्याला आता मोकळं रान. आणि अर्ध्यात सोडलं तर उलटतं, हे त्यानं बजावून सांगितलं होतं. शिकलेल्या माणसालाही यात खोट काढता आली नसती, फक्त रेंगीतलं बोलणं ऐकलेल्या माणसाला काढता आली असती, आणि तो ओसरीवर तंबाखू मळत बसला होता.

“घेता ना?” त्यांनी विचारलं.

“आन,” नत्थूजी म्हणाले. “तुह्या हातचं कधी नाई म्हनलं काय?”

रुख्माबाईंनी बोटानं चाटवलं. नवऱ्यानं बोट स्वच्छ चाटून घेतलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, “कडू हाय बुवा लई. मध कमी पडला.” मग त्यांचा डोळा लागला.

सकाळी दूध काढायच्या वेळी रूपराव आत आला तेव्हा नत्थूजी गेलेले होते. रुख्माबाई त्यांचा हात धरून बसल्या होत्या आणि त्यांना ते कळलेलं नव्हतं.

*

तेरवी झाली. पुनाजीही आला होता. तो फाटकाजवळ बसून राहिला, कोणाशी बोलला नाही, जेवला नाही. जाताना रुख्माबाईंसमोर उभा राहून एवढंच म्हणाला, “गुन आलता नत्थूभाऊले. मंग काय झालं, बाई?” रुख्माबाईंनी मान हलवली. तो पागोट्यानं डोळे पुसत गेला.

दुसऱ्या दिवशी सुलोचनेचा भाऊ तिला न्यायला आला. काही दिवस राहून ये, असं वासुदेव म्हणाला. किती दिवस, ते म्हणाला नाही. तिनं विचारलं नाही. ती पेटी भरत होती आणि घरात कोणी तिला थांब म्हणत नव्हतं.

रुख्माबाईंनी ते पाहिलं आणि त्या घराबाहेर पडल्या. कपाळ नुकतं उघडं झालेली बाई इतक्यात विहिरीवर येत नाही, म्हणून त्या दिसताच विहिरीवरच्या बायका चुप झाल्या. फक्त अन्नपूर्णेची पाठ त्यांच्याकडे होती. ती सांगत होती, “काचेच्या नळीनं मोजे. असे मोजले का बाप गेला माहा.”

त्याच विहिरीच्या काठावर, त्याच दगडाशी, शकुबाई एकदा बोलली होती.

“अन्नपूर्णा,” रुख्माबाई म्हणाल्या. “थेंब बरोबर होते.”

अन्नपूर्णा वळली. “माय, तू काऊन आली इथं?”

“थेंब बरोबर होते. म्या दुसरं औषध देल्लं तुह्या बापाले. सूज आली तवापासून रोज देल्लं. मरायच्या सांजीबी देल्लं. रानकांदा होता.”

नाव उच्चारून त्या थांबल्या. कशाची तरी वाट पाहत उभ्या राहिल्या. रहाट करकरला. एकीची बादली भरून वर आली, तिनं सवयीनं ती घागरीत ओतून घेतली. कडुलिंबावर होला घुमत होता. काही झालं नाही. कोणाचं काही गेलं नाही, कोणाला काही लागलं नाही. कांद्याचं नाव होतं, ते तोंडातून निघालं आणि संपलं.

तुळसाच्या मुळीचं नाव निघालं त्या दिवशीही असंच झालं असणार. रहाट करकरला असणार, बायकांनी पाणी भरलं असणार. आणि तुळसा आजारी होती म्हणून गेली असणार. रुख्माबाई विहिरीच्या कठड्यावर बसल्या. एक म्हातारी बाई इतकी वर्षं त्यांच्या हातचं जेवली आणि त्यांच्या डोक्याला एकदा तेल लावायला मिळावं म्हणून झुरून गेली, आणि तिनं काही केलेलं नव्हतं.

अन्नपूर्णा धावत वासुदेवाला घेऊन आली. त्याचा चेहरा उतरला होता.

“रानकांदा?” त्यानं विचारलं. “खरंच रानकांदा?”

“डॉक्टर म्हनले झगडा होतो,” रुख्माबाई म्हणाल्या. “म्या म्हनलं, एक तं बंद झालं.”

वासुदेव तिथंच ओल्या दगडावर बसला. “झगडा नव्हता, माय. दोन्ही एकच काम करत होते. डॉक्टरनं मले रेंगीत सांगतलं. म्या तुले सांगतलं नाई.”

“काऊन नाई सांगतलं?”

“तू खोटं बोलत नाई म्हनून.”

 बायका एकेक करून घागरी उचलून निघून गेल्या. शेवटी रुख्माबाई म्हणाल्या, “पुनाजीनं देल्लं होतं ते. त्याले सांगू नोको. तो जित्तेपनी मरून जाईन.”

“नाई सांगत,” वासुदेव म्हणाला. आणि या घरात आणखी एक गोष्ट झाकून ठेवली गेली.

*

रेंगी दारात उभी होती. सुलोचनेची पेटी वर चढवून झाली होती. वासुदेवानं तिला आत नेऊन सगळं सांगितलं होतं, थांब म्हणून हात जोडले होते. अन्नपूर्णा खांबाआड उभी राहून रडत होती, पुढं यायला तिला तोंड नव्हतं. सुलोचनेनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “भाऊ एवढ्या लांबून आला आहे. जाऊन येते.”

रुख्माबाई रेंगीच्या चाकाशी आल्या. सुलोचना पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी तिला धरलं.

“पोरी, तुह्यावर आळ आला अन मी पाह्यत राह्यली. म्या तुह्यासमोर त्याईच्या तोंडावर पदर धरला.”

“मी पाहिलं होतं,” सुलोचना म्हणाली. “मला वाटायला लागलं होतं, की मीच मारलं त्यांना. रात्री उठून मी पाण्याचे थेंब मोजून पाहायची.”

रुख्माबाईंनी रेंगीचं चाक धरलं. मग त्यांनी विचारलं, “माह्यावर राग हाय काय वं? जाईन काय तो कधी?”

सुलोचनेनं त्यांच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. तिनं सासूचा पदर खांद्यावर नीट केला, लाल बोटांवरून एकदा हात फिरवला.

“तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाही, आत्याबाई,” ती म्हणाली. “आत भाकर झाकून ठेवली आहे. दोन घास खाऊन घ्या.”

रेंगी निघाली. पांदणीच्या वळणापर्यंत बैलांच्या गळ्यातल्या घंट्या ऐकू येत होत्या. हे उत्तर काय असतं ते रुख्माबाईंना ठाऊक होतं. त्या आत गेल्या, झाकलेली भाकर काढली आणि शकुबाईची खाट असायची त्या भिंतीशी बसून खाऊ लागल्या.